माहेर पेशव्यांचं, सासर कंपनीचं



बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. आधी डोळ्याचं ऑपरेशन झालं, मग पावसाळा, मग गणपती. कारणं काय, शोधाल तितकी सापडतात. पण आज जे लिहायचं आहे ते खूप वर्षं मनात आहे, आणि ते बाहेर काढायला निमित्त झाली माझी नात.

लेक अमेरिकेत ओहायो राज्यात असते. नात तिथे चौथीत आहे. आपल्याकडे चौथीला शिवाजी महाराज, तसा त्यांच्याकडे चौथीला त्यांच्या राज्याचा इतिहास असतो. आधी तिथे शॉनी वगैरे मूळचे लोक राहायचे, मग फ्रेंच व्यापारी आले, मग इंग्रज, मग अमेरिकन वसाहतवाले, मग लढाया आणि तह, आणि शेवटी १८०३ साली राज्य झालं. एका रविवारी तिने हे सगळं मला फोनवर घडाघडा म्हणून दाखवलं. मी शाबासकी दिली. मग तिने विचारलं, "आजी, मोरा पण फ्रंटियर होतं का? तिथले नेटिव्ह लोक कोण?"

मी हसले. म्हटलं, "अगं, मोरा कसलं फ्रंटियर! साधं बंदर आहे. लाँच येते, लाँच जाते."

फोन ठेवला आणि रात्री झोप लागेना. पस्तीस वर्षं मी शाळेत मराठी आणि इतिहास शिकवला. पानिपत शिकवलं, फ्रेंच राज्यक्रांती शिकवली. आणि नऊ वर्षांच्या पोरीने माझ्याच गावाबद्दल एक प्रश्न विचारला तर मी चुकीचं उत्तर दिलं. मोरा फ्रंटियर होतं. चांगलं ठसठशीत होतं. ते कसं, तेच आज सांगते.

ज्या नातेवाइकांनी आमचं मोरा पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडंसं. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून लाँचमध्ये बसलात की समोरच्या किनाऱ्यावर जे बंदर लागतं ते मोरा. ओहोटी मोठी असली की गाळामुळे लाँचची पंचाईत होते, हे दुखणं जुनंच. समोर पाण्यात घारापुरी, दक्षिणेला द्रोणागिरीचा डोंगर. उरण गाव इथून हाकेच्या अंतरावर. आज उरण हा रायगड जिल्ह्यातला स्वतंत्र तालुका आहे, पण पूर्वी तो पनवेल तालुक्यातला महाल होता, म्हणून जुन्या कागदांत आमचा पत्ता पनवेलचा. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे उरण आणि मोरा ज्या जमिनीवर आहेत ते होतं कारंजा बेट. मध्ये खाड्या, खाजणं, मिठागरं. आता भराव घालून घालून बेट आणि जमीन एक झालीय, त्यामुळे नव्या माणसाला ते सांगूनही खरं वाटत नाही.

माझं माहेर पनवेल. १९७४ साली लग्न होऊन मी मोऱ्याला आले. पनवेल ते उरण एस्टी आणि पुढे टांगा. वडिलांनी हट्टाने बीए करवलेली मुलगी, त्यामुळे सासूबाई सुरुवातीला जरा जपूनच बोलायच्या. सासरे मिठागरावर मुकादम होते. आम्ही दोन्हीकडचे आगरी. प्रवास दीड-दोन तासांचा. पण मंडळी, हेच लग्न जर १७८२ ते १८१८ या छत्तीस वर्षांत झालं असतं, तर मी परमुलखात दिली गेले असते. माहेर पेशव्यांच्या राज्यात आणि सासर ईस्ट इंडिया कंपनीच्या! मधली खाडी म्हणजे सरहद्द. माझ्या आईने दिवाळीला करंज्यांचा डबा पाठवला असता तर तो एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेला असता.

आता जरा सुरुवातीपासून.

नातीच्या भाषेत 'नेटिव्ह' कोण? खाडीत जाळं टाकणारे कोळी. खाजणात बांध घालून मीठ आणि भात पिकवणारे आगरी. आगरात राबणारे म्हणून आगरी, असं आमच्याकडे सांगतात. डोंगरात ठाकूर. आणि खैराच्या झाडापासून कात काढणारे कातकरी. या किनाऱ्यावर शेकडो वर्षांपूर्वी येऊन राहिलेले बेने इस्राएलही होते. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी काम बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणायचे. कोण आधी आला, कोण नंतर, या वादात मी पडत नाही. पण कोणाचंही राज्य येण्याआधी मासळी, मीठ, भात आणि कात इथे होताच.

राजे आले ते यांच्या डोक्यावरून. घारापुरीची लेणी साधारण सहाव्या शतकातली. ती कोरली गेली तेव्हाही मोऱ्याच्या बाजूला कोणी ना कोणी जाळं सुकवत बसला असणार, असं मला नेहमी वाटतं. मग उत्तर कोकणात शिलाहारांचं राज्य झालं. उरणजवळच्या चाणजे आणि रानवड या गावांत त्यांचे शिलालेख सापडले आहेत. शेवटचा राजा सोमेश्वर, त्याचे लेख शके ११८१ आणि ११८२ चे, म्हणजे इ.स. १२५९-६० च्या सुमाराचे. पुढे पाचेक वर्षांतच देवगिरीच्या महादेव यादवाने त्याचा पाठलाग केला आणि सोमेश्वर समुद्रात बुडून मेला. मी चाणज्याला किती वेळा हळदीकुंकवाला गेले असेन! तिथे शिलाहार राजाचा लेख सापडला होता हे मला निवृत्त झाल्यावर कळलं. आता बोला.

१५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई आणि आसपासचा मुलूख पोर्तुगीजांना दिला. तेव्हापासून कारंजा बेट फिरंग्यांचं. द्रोणागिरीवर त्यांनी ठाणं केलं, चर्च बांधलं. घारापुरीवर त्यांना दगडी हत्ती दिसला, म्हणून बेटाचं नाव एलिफंटा. (तो हत्ती पुढे १८६४ साली इंग्रजांनी विलायतेला न्यायला उचलला, तेव्हा त्याचे तुकडे झाले. तुकडे जोडून उभा केलेला हत्ती आता राणीच्या बागेच्या आवारात आहे. मुलांना आवर्जून दाखवा.)

१६६१ च्या लग्नाच्या करारात मुंबई बेट इंग्लंडच्या राजाला आंदण मिळालं आणि चित्र गुंतागुंतीचं झालं. आता मोऱ्याच्या धक्क्यावर उभं राहून कल्पना करा. समोर मुंबई, इंग्रजांची. पायाखाली कारंजा, पोर्तुगीजांचं. पाठीमागे कर्नाळा, तो महाराजांनी घेतलेला. खाली जंजिऱ्याला सिद्दी. महाराजांनी १६७९ साली खांदेरी बांधायला घेतली तेव्हा इंग्रज आडवे आले, आणि पाठोपाठ शेजारच्या उंदेरीवर सिद्दी जाऊन बसला. एका नजरेच्या टप्प्यात चार सत्ता! याला फ्रंटियर नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं? आणि या चौघांनाही मासळी, मीठ, होड्या आणि होड्या वल्हवणारे हात लागायचे. ते सगळे इथलेच.

चिमाजीअप्पांची वसईची मोहीम १७३७ ते १७३९. ती आपण सगळेच शिकलो. त्याच धामधुमीत, १७३९ साली, मानाजी आंग्ऱ्यांनी कारंजा जिंकून घेतलं. फिरंगी गेले. पण मराठ्यांकडे हे बेट राहिलं जेमतेम पस्तीस वर्षं. १७७३ साली नारायणरावांचा खून झाला, राघोबादादा मदतीसाठी इंग्रजांच्या दारात गेले, आणि इंग्रजांना हवं ते निमित्त मिळालं. १७७४ च्या डिसेंबरात त्यांनी ठाण्याचा किल्ला आणि साष्टी घेतली, त्याच गडबडीत कारंजाही. चार वर्षांनी, नोव्हेंबर १७७८ मध्ये, इंग्रजांची फौज राघोबांना गादीवर बसवायला पुण्याकडे निघाली ती आमच्या पनवेलवरूनच. घाट चढून गेली आणि जानेवारी १७७९ मध्ये वडगावला शरण आली. तिथे इंग्रजांनी कबूल केलं की १७७३ नंतर घेतलेला सगळा मुलूख परत देऊ. म्हणजे आम्ही कागदावर परत मराठी राज्यात! पण मुंबईकर साहेबांनी तो कागद मानलाच नाही.

अखेर १७ मे १७८२ ला सालबाईचा तह झाला. महादजी शिंद्यांनी मध्यस्थी केली. त्यात ठरलं की साष्टी, घारापुरी, कारंजा इंग्रजांकडे राहील आणि बाकीचा मुलूख पेशव्यांकडे. सालबाई कुठे? ग्वाल्हेरजवळ. तिथे बसलेल्या एकानेही मोऱ्याची खाडी पाहिली नसेल. भरतीला ती किती रुंद होते आणि ओहोटीला कुठून चिखलातून चालत जाता येतं, हे त्यांना ठाऊक असायचं कारणच नव्हतं.

गंमत बघा. नातीला शिकवलेल्या इतिहासात पॅरिसचा एक तह आहे, सप्टेंबर १७८३ चा. इंग्रजांनी अमेरिकेचं स्वातंत्र्य मान्य केलं आणि मिसिसिपी नदीपर्यंतचा मुलूख देऊन टाकला. त्यात ओहायोही आलं. तिथल्या शॉनी लोकांना त्या बैठकीला कोणी बोलावलं नव्हतं. म्हणजे सोळा महिन्यांच्या अंतराने, पृथ्वीच्या दोन टोकांना, एकाच इंग्रज सरकारने आणि त्याच्या कंपनीने दोन रेघा मारल्या. रेघेवर राहणाऱ्यांना दोन्हीकडे विचारलं नाही. आपल्याकडे एक फरक मात्र मान्य केला पाहिजे. तिकडे मूळच्या लोकांना उठवून पार पश्चिमेला हाकललं. इकडे कोळी, आगरी, कातकरी जागच्या जागीच राहिले, फक्त राज्यं त्यांच्यावरून सरकत गेली.

निदान मी तरी बरीच वर्षं असंच समजत होते. ते पुरतं खरं नाही.

१८१८ च्या जानेवारीत कर्नल प्रॉथरने कर्नाळा घेतला. तिथले किल्लेदार अनंतराव फडके, म्हणजे वासुदेव बळवंतांचे आजोबा. वासुदेव बळवंतांचा जन्म १८४५ सालचा, किल्ल्याच्या जवळच्या शिरढोण गावचा, पनवेल तालुक्यातला. किल्लेदाराचा नातू आद्य क्रांतिकारक झाला आणि १८८३ साली एडनच्या तुरुंगात गेला. पेशवाई बुडाली आणि आमच्या खाडीतली सरहद्द पुसली गेली. दोन्ही तीर इंग्रजांचे. आता फ्रंटियर संपलं, असं पुस्तकात वाचताना वाटतं. पण ते संपलं नव्हतं. खाडीतून उठून ते डोंगराच्या पायथ्याशी जाऊन बसलं होतं.

कसं ते सांगते. इंग्रजांनी आधी मिठावर कर बसवला. आगरी राबणार, मीठ पिकवणार, आणि तेच मीठ कर भरल्याशिवाय घरात आणता येणार नाही. मग आले जंगलाचे कायदे. १८७८ च्या कायद्याने जंगलं राखीव होऊ लागली. काल जिथून सरपण, रानभाज्या, खैर आणायचा, तिथे आज पाऊल ठेवलं तर गुन्हा. मोहाच्या फुलांचीही तीच गत. उरणला तेव्हा मोहाच्या दारूच्या मोठ्या भट्ट्या होत्या, मालक बहुतेक पारशी, आणि सरकारला अबकारीचं उत्पन्न दणदणीत. तेव्हा आदिवासीने झाडाखाली पडलेली फुलं वेचून घरी दारू काढली तर सरकारचं नुकसान! म्हणून १८९२ साली खास ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी मोहाच्या फुलांवर निर्बंध घालणारा कायदा केला. झाडाचं फूल बाळगणं हा गुन्हा! सालबाईची रेघ नकाशावर होती, तिचा त्रास राजांना होता. ही नवी रेघ चुलीपाशी आली होती. शॉनी लोकांना जमिनीवरून उठवलं, आणि कातकऱ्यांना न उठवता त्यांच्या पायाखालची जमीन काढून घेतली.

आगऱ्यांना मिठाची झळ लागली, कातकऱ्यांना रानाची. १९३० साली गांधीजींनी दांडीला मीठ उचललं आणि पाठोपाठ महाराष्ट्रात जंगल सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा आमच्या भागात या दोन्ही झळा एकत्र आल्या. २५ सप्टेंबर १९३०. उरणहून पनवेलच्या बाजूला जाताना, जुन्या खाडीपलीकडे, चिरनेर गाव आहे. तिथल्या अक्कादेवीच्या डोंगरात आजूबाजूच्या गावांतले लोक कोयते घेऊन राखीव जंगल तोडायला जमले. पोलिसांनी गोळीबार केला. आठ सत्याग्रही हुतात्मा झाले. मामलेदारही त्या दिवशी जिवानिशी गेले. त्या आठ नावांत पाटील आहेत, म्हात्रे आहेत, कोळी आहेत, न्हावी आहेत. आणि त्यांत एक नाव आहे नाग्या महादू कातकरी.

आता मी मूळ गोष्टीकडे येते. इथपर्यंतचा इतिहास कोणीही पुस्तकं चाळून लिहील. पुढचं मलाच लिहिलं पाहिजे.

साल १९८६. मी तेव्हा पाचवीची वर्गशिक्षिका. त्या वेळी आम्हा आगऱ्यांच्या घराघरांत एकच विषय होता. नवी मुंबई आणि न्हावा-शेवा बंदरासाठी जमिनी गेलेल्या. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला जमिनीच्या भावासाठी आंदोलन झालं, गोळीबारात पाच जण गेले. दि. बा. पाटलांचं नाव प्रत्येकाच्या तोंडी. आम्ही मूळचे भूमिपुत्र, आमच्यावर अन्याय झाला, हे आम्ही रोज बोलत होतो आणि ते खरंही होतं. आजही मी त्यातला एक शब्द मागे घेणार नाही.

२५ सप्टेंबरला मी वर्गात चिरनेरची गोष्ट सांगितली. अगदी रंगवून सांगितली. मुलांकडून आठही नावं म्हणवून घेतली. वर्गात मागच्या बाकावर एक कातकऱ्याचा मुलगा होता. शाळेत अधूनमधून यायचा, आला तर गप्प बसायचा. त्या दिवशी तो आपणहून उभा राहिला. त्याआधी तो कधी उभा राहिल्याचं मला आठवत नाही. म्हणाला, "बाई, तो नाग्या कातकरी आमच्यातला होता ना?"

मुलं हसली. आणि मी काय म्हणाले माहीत आहे? म्हटलं, "हुतात्म्यांना जात नसते रे. ते सगळ्यांचे असतात. बस खाली."

तो खाली बसला.

तेव्हा मला वाटलं, किती छान उत्तर दिलं आपण! शिक्षकांच्या खोलीत मी ते सांगितलंही, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही की वर्गातल्या पाटलाच्या मुलाला हा प्रश्न विचारावाच लागला नव्हता. त्याला नावातच उत्तर मिळालं होतं. म्हात्र्यांच्या पोरीलाही. त्या एकट्याला विचारावं लागलं, कारण साऱ्या पुस्तकात, साऱ्या शाळेत, आपल्यातलं म्हणावं असं त्याला ते एकच नाव सापडलं होतं. आणि मी ते सगळ्यांचं करून त्याच्या हातातून काढून घेतलं. आमचे हुतात्मे आम्ही आमचे म्हणत होतोच की! दोनच वर्षांपूर्वीच्या पाचांना आम्ही 'आमची माणसं' म्हणत होतो. मग त्यालाच का नाही म्हणू दिलं?

दिवाळीची सुट्टी संपली आणि तो आला नाही. पावसाळा सरला की कातकरी वीटभट्ट्यांवर कामाला जातात, मुलाबाळांसकट, ते पार पुढच्या पावसाळ्यापर्यंत. सगळ्यांना ठाऊक होतं. चौकशीला मी एका मुलाला पाठवलं, तो म्हणाला, झोपडी रिकामी आहे. मग नियमाप्रमाणे वाट पाहिली आणि नियमाप्रमाणे पटावरून त्याचं नाव कमी केलं. लाल शाईने, पट्टी धरून, सरळ रेघ. अक्षर आणि रेघ या दोन्ही बाबतीत माझी ख्याती होती. साहेब तपासणीला आले तेव्हा हजेरीपट पाहून खूश झाले.

सालबाईला बसलेल्यांना मी मघाशी नावं ठेवली. खाडी न पाहता रेघ मारली म्हणून. मी तर खाडी पाहिली होती, झोपडीही पाहिली होती, आणि तरीही मारली.

१५ ऑगस्ट १९४७ ला मोऱ्याच्या बंदरावर झेंडा लागला तेव्हा सासरे तरुण होते. ते सांगायचे, त्या दिवशी मिठागरावर कोणी गेलं नाही. मिठावरचा कर त्याआधी काही महिन्यांपूर्वीच उठला होता, त्याचं त्यांना स्वातंत्र्याइतकंच अप्रूप. आमच्यासाठी स्वातंत्र्य आलं ते खरंखुरं आलं. मी बीए झाले, शिक्षिका झाले, लेक अमेरिकेत गेली, हे सगळं त्यातूनच. पण ते सगळीकडे एकाच दिवशी पोचलं नाही. घारापुरी मोऱ्याच्या समोर आहे. जगभरचे लोक लेणी बघायला येतात. तिथल्या गावांत कायमची वीज आली ती फेब्रुवारी २०१८ मध्ये, समुद्राखालून केबल टाकून. आम्ही रात्री बंदरावर बसायचो तेव्हा तिकडे मुंबई झगमगायची आणि मध्ये काळोख. आणि कातकरी? ते आजही सरकारी यादीत अतिमागास आदिम जमात म्हणूनच आहेत. पावसाळा संपला की आजही ट्रकमधून भट्ट्यांकडे जाताना दिसतात. आता रस्ते रुंद झालेत आणि जानेवारी २०२४ पासून अटल सेतू सुरू झालाय, त्यामुळे ट्रक लवकर पोचत असतील.

गेल्या महिन्यात मुलाला म्हटलं, मला चिरनेरला घेऊन चल. त्याला वाटलं, महागणपतीला. गणपतीचं दर्शन घेतलंच. मग हुतात्म्यांच्या स्मारकापाशी गेले. दुपारची वेळ, कोणी नव्हतं. मी आठही नावं म्हटली, वर्गात म्हणवून घ्यायचे तशी. नाग्या महादू कातकरी म्हटल्यावर थांबले, आणि त्या मुलाचं नावही म्हटलं. ते मला पाठ आहे, आडनावासकट. तो हुतात्मा नव्हे, आणि कुठेतरी सुखात असावा अशीच माझी प्रार्थना आहे. आता पन्नाशीला आला असेल. पण मी रेघ मारलेलं नाव कुठेतरी मोठ्याने म्हणायचं राहिलं होतं.

मुलगा म्हणाला, "आई, हा नववा कोण?"

गाडीत बसल्यावर त्याला सगळं सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "हे तू आम्हाला कधी सांगितलं नाहीस." नव्हतं सांगितलं, हेही खरंच.

रविवारी नातीला पुन्हा फोन लावला. म्हटलं, "बाळा, आजीने तुला चुकीचं सांगितलं होतं. मोरा फ्रंटियर होतं. आधी राजांचं होतं, मग सरकारचं झालं." तिने वहीत लिहून घेतलं. मग कोळी, आगरी, ठाकूर, कातकरी अशी सगळी नावं तिने रोमनमध्ये लिहिली आणि 'कातकरी'चं स्पेलिंग दोनदा विचारलं. मग म्हणाली, "आजी, आमच्याकडचे शॉनी आता ओहायोत नाहीत. टीचर म्हणाल्या, त्यांना दूर पाठवलं. तुमच्याकडचे आहेत?"

म्हटलं, "आहेत."

"मग तू त्यांना ओळखतेस?"

एकाला ओळखत होते, असं म्हटलं तिला. पुढचं तू मोठी झाल्यावर सांगेन म्हटलं, पण इथे आधीच लिहून टाकते आहे, कारण वयाचा काही भरवसा नाही.

असो. लेख फार लांबला. तुमच्यापैकी जे शिक्षक होते किंवा आहेत, त्यांनी आपापल्या जुन्या हजेरीपटावरची एखादी लाल रेघ आठवून पाहावी, एवढंच सांगणं. नाव आठवलं तर एकदा मोठ्याने म्हणून बघा.